केका

पाखरांच्या आवाजांचे बहुतेक शब्द मूल शाळेच्या आधी अंगणातच शिकते. चिमणी चिवचिवते, कोंबडा आरवतो, पारवा घुमतो. मोराच्या ओरडण्याचा शब्द मात्र पुस्तकातच भेटतो: केका. नांदेड जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी मराठी शिकवतो. हा पाठ चालू असताना एका मुलाने उभे राहून विचारले, "सर, केका म्हंजे कोण?" बिचाऱ्याला ती कुणाची तरी काकी वाटली असावी! त्याच्या शेतात मोर रोज येतात, पण घरी सारे म्हणतात, "मोर वरडायलाय."

शब्द मोठ्या कुळातला आहे. अमरकोशात मोराची वाणी म्हणून केकेची नोंद आहे. केका करणारा तो केकी, म्हणजे मोर. जुन्या संगीतशास्त्राने सात स्वर पशुपक्ष्यांना वाटून दिले, तेव्हा पहिला षड्ज मोराच्या वाट्याला आला. कोकिळेला पंचम मिळाला हे कुणीही मान्य करील. पण बांधावरून मोराची ती आरोळी ऐकलेल्याला वाटणी करणाऱ्यांच्या कानांविषयी शंका आल्यावाचून राहात नाही.

मराठीत या शब्दाला घर दिले ते मोरोपंतांनी. १७२९ साली पन्हाळ्यास जन्मलेला आणि १७९४ साली बारामतीस निवर्तलेला हा पंडित कवी. मोरोपंत म्हटले की आपल्याला आर्या आठवते. पण 'केकावली' पृथ्वी वृत्तात आहे. आवली म्हणजे ओळ. केकांची ओळ ती केकावली. नावातल्या मोरावरचा श्लेष तर उघडच आहे. मला नवल वाटते ते निराळेच. एवढा विद्वान मनुष्य देवापुढे उभा राहतो, आणि कोकिळेचा गळा न मागता मोराचा टाहो पत्करतो! देवाला गाणे ऐकवायचे नव्हते, हाक मारायची होती. आणि मेघाला हाक मारावी ती मोरानेच.

आमच्या आजोबांना हे सारे कुठून ठाऊक असणार? निजामी राजवटीत त्यांचे शिक्षण उर्दूतून झाले. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात आले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला, आणि मराठी पाठ्यपुस्तकांबरोबर केका आमच्या घरात आली ती वडिलांच्या पिढीत. तरी मोर ओरडू लागला की आजोबा आभाळाकडे पाहात आणि औतफाट्याची डागडुजी काढीत. शब्दावाचून त्यांचे काही अडले नव्हते.

या शब्दाचा खरा अर्थ मला कळला तो लातूरच्या दुष्काळात. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी लातूरला आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी! स्टेशनावर माणसे गाडी पाहायला जमली होती. माझी थोरली बहीण तिकडच्याच एका वाडीवर दिलेली. विहिरीचा तळ उघडा पडलेला, बाया टँकरची वाट पाहात बसलेल्या. मे महिन्यात मी भेटायला गेलो, तेव्हा उन्हाने काळवंडलेल्या बाभळींतून एक मोर रात्री उशिरापर्यंत ओरडत होता. सकाळी मी म्हटले, "अक्का, मोरानं झोपू दिलं नाही."

रांजणाच्या तळाशी तांब्या खरवडीत ती म्हणाली, "पाणीच मागायलता, दुसरं काय!" आणि तांब्यातले निम्मे पाणी तिने दारातल्या फुटक्या परळात ओतले.