मुंगीसिंहांची ओळख : डीएनए बारकोड नोंदींमधील उणिवा

छत्तीसगडची राजधानी रायपूर आणि परिसरात घरांच्या वळचणीखाली वा झाडांच्या बुंध्याशी कोरड्या, भुसभुशीत मातीत नरसाळ्याच्या आकाराचे लहान खड्डे दिसतात. मुंगीसिंह या कीटकाच्या अळीने रचलेले हे सापळे होत. खड्ड्यात घसरलेल्या मुंगीला तळाशी दबा धरून बसलेली अळी जबड्यात पकडते व तिच्या शरीरातील रस शोषून घेते. प्रौढ कीटक मात्र चतुरासारखा दिसणारा, लांब पंखांचा व बहुधा निशाचर असतो.

या कीटकांच्या प्रजातींची वर्णने मुख्यत्वे प्रौढ अवस्थेवरून झाली आहेत. त्यामुळे अळीची प्रजाती निश्चित करण्यासाठी ती प्रौढ होईपर्यंत वाढवावी लागते आणि त्यास अनेक महिने, प्रसंगी वर्षाहून अधिक काळ लागतो. डीएनए मात्र सर्व अवस्थांत तोच असतो. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाचे पॉल हेबर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये मांडलेली डीएनए बारकोड पद्धत याच तत्त्वावर आधारित आहे. तीत सीओआय या जनुकातील सुमारे 650 घटकांचा क्रम 'बोल्ड' किंवा 'जेनबँक' या संग्रहांतील नोंदींशी ताडून पाहिला जातो.

संग्रहात प्रजातीची नोंदच नसेल, तर ही पद्धत केवळ जवळचे साम्य दाखवते. त्यावरून फार तर प्रजातीचा गट समजतो. नोंद न जुळणे म्हणजे नवी प्रजाती सापडणे, असा निष्कर्ष काढता येत नाही. एका प्रजातीची एकाच ठिकाणची नोंद असल्यास तिच्यातील अंतर्गत भेद किती, हेही कळत नाही. मूळ नमुन्याला चुकीचे नाव दिलेले असेल, तर ती चूक पुढील प्रत्येक तुलनेत उतरते.

भारतीय मुंगीसिंहांपैकी काहींची वर्णने रांबूर यांनी 1842 मध्ये, तर वॉकर यांनी 1853 मध्ये केली. त्या काळातील अनेक मूळ नमुने युरोपातील संग्रहालयांत असून, जुन्या वाळलेल्या नमुन्यांतील डीएनए बहुधा तुटलेला असतो. त्यातच 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने अ‍ॅस्कॅलॅफिडी हे कुळ मुंगीसिंहांच्या कुळात समाविष्ट केल्याने जुन्या नोंदींची नावेही तपासून घ्यावी लागतात.

यावर उपाय म्हणजे तज्ज्ञाने ओळखलेला प्रौढ नमुना, त्याचे छायाचित्र, स्थळ व दिनांक यांसह त्याच नमुन्याचा बारकोड जतन करणे. 1916 मध्ये स्थापन झालेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे मुख्यालय कोलकात्यात, तर मध्य भारतातील केंद्र जबलपूर येथे आहे. रायपूरमध्ये पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठ आणि इंदिरा गांधी कृषी विद्यापीठ आहे.

छत्तीसगडमधील भाटा, मटासी अशा निरनिराळ्या मातींवर बांधकाम व खाणकाम होत असते. तेथील कीटकांची नावेच नोंदलेली नसतील, तर त्यांतील एखादा नाहीसा झाला तरी त्याचा मागमूस राहणार नाही.