पार्टिशन आर्काइव्ह, १९४७
भारताच्या फाळणीच्या प्रत्यक्षदर्शींच्या आठवणी जतन करणारी ना-नफा संस्था. मुख्यालय बर्कली (कॅलिफोर्निया, अमेरिका). हिरोशिमाच्या शांती स्मारकात अणुबाँबमधून वाचलेल्यांच्या साक्षी ऐकल्यावर भौतिकशास्त्रज्ञ गुनीता सिंग भल्ला यांना या कामाची प्रेरणा मिळाली. २०१० मध्ये संस्थेची स्थापना झाली.

इतिहासाची पदवी नसलेल्यांनाही संस्था विनामूल्य ऑनलाइन कार्यशाळांतून मुलाखत घेण्याचे तंत्र शिकवते. असे प्रशिक्षित स्वयंसेवक ‘नागरिक इतिहासकार’ म्हणून ओळखले जातात. ते वयोवृद्ध साक्षीदारांना कॅमेऱ्यासमोर बोलते करतात. मूळ गाव, शेजारपाजार, सणवार, घर सोडल्याचा दिवस, निर्वासित छावणी आणि नव्या जागी मांडलेला संसार असा संपूर्ण जीवनपट त्यात नोंदवला जातो. निवेदकांच्या स्थलांतराचे मार्ग नकाशावरही दाखवले जातात. संग्रहात १०,००० हून अधिक मुलाखती असून त्यांतील काही स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयामार्फत खुल्या आहेत.

फाळणीने एक कोटीहून अधिक माणसे विस्थापित केली. सरकारी दप्तरात न सापडणारे त्यांचे अनुभव हे लोक-इतिहासाचे अमोल साधन आहे. १९४७ मधील शाळकरी मुलेही आज नव्वदीच्या आसपास असल्याने ही नोंदणी अत्यंत निकडीची ठरते.