नागासाकीचे ओराशो

वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया १५९७ साली नागासाकीला पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर गेला. त्याच्या मागून तिथे जे घडले, ते मला अधिक हलवून जाते. १६१४ साली जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. पुढे पाद्रीही उरले नाहीत. नागासाकीकडचे शेतकरी-कोळी दरवर्षी अंमलदारांपुढे येशूच्या वा मरियामातेच्या प्रतिमेवर पाय देत. न द्यावा, तर छळ! मग घरी येऊन गुपचूप पश्चात्तापाची प्रार्थना म्हणायची. पापाची कबुली ऐकायलाच कोणी नाही, तेव्हा तेवढाच दिलासा. आपल्या प्रार्थनांना ते ‘ओराशो’ म्हणत. त्यांतल्या लॅटिन शब्दांचा अर्थ पिढ्यांमागून पिढ्या हरवत गेला, पाठ सुटला नाही. याला पोपटपंची म्हणणे माझ्या जिवावर येते. आपल्या आज्यांना तरी सांजवेळच्या स्तोत्रातला शब्द न् शब्द कुठे कळत होता?

१७ मार्च १८६५ रोजी नागासाकीत नव्याने बांधलेल्या ओउरा चर्चमध्ये उराकामीचे काही गावकरी आले. त्यांतल्या एका बाईने फ्रेंच पाद्री पेतीजाँ यांना हलकेच सांगितले, की तुमचे मन तेच आमचे. आणि विचारले, मरियामातेची मूर्ती कुठे आहे?

बंदी उठायला मात्र १८७३ उजाडले. तोवर उराकामीच्या तीन हजारांवर माणसांना हद्दपारी भोगावी लागली.