चार बहिणींचा ‘वी आर फॅमिली’

‘वी आर फॅमिली’ हा सिस्टर स्लेज या गटाचा १९७९ सालचा अल्बम. डेबी, जोनी, किम आणि कॅथी या फिलाडेल्फियाच्या सख्ख्या बहिणी. त्यांच्या आधीच्या दोन अल्बमना अमेरिकेत फारसे यश मिळाले नव्हते. चित्र पालटले ते ‘शिक’ बँडच्या नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स यांच्यामुळे. गीते, संगीत आणि निर्मिती या दोघांचीच. रॉजर्सची खटकेबाज गिटार, एडवर्ड्सचा लवचीक बास आणि टोनी थॉम्प्सनचे ड्रम यांवर विशीतल्या कॅथीचा मोकळा आवाज विलक्षण खुलतो. डिस्कोच्या ठेक्यातही सोलचा जिव्हाळा टिकतो, हेच या अल्बमचे खरे बळ. तो बिलबोर्डच्या मुख्य यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचला. त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल संघाने शीर्षकगीत आपलेसे केले आणि वर्ल्ड सिरीजही जिंकली.