पश्चिमयात्रेची तीन रूपे : ह्यूएनत्संगाचा वृत्तान्त, चरित्र आणि कादंबरी

चिनी बौद्धांच्या ग्रंथांत ‘पश्चिम’ हा शब्द आला की त्याचा रोख बहुधा भारताकडे असतो. धर्मग्रंथांच्या शोधात निघालेल्या भिक्षूंची खुष्कीची वाट प्रथम मध्य आशियातील वाळवंटांतून पश्चिमेस जाते आणि मग दक्षिणेस वळून सिंधूच्या प्रदेशात उतरते. नावात मात्र पश्चिमच राहिली. इ. स. ३९९ मध्ये फाहियान याच वाटेने निघाला, आणि त्यानंतर सुमारे सव्वादोनशे वर्षांनी ह्यूएनत्संग. या दुसऱ्या यात्रिकाचे नाव महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासाच्या अभ्यासकास विशेष परिचयाचे आहे, ते त्याच्या महाराष्ट्रवर्णनामुळे. हे वर्णन आपल्याकडे वारंवार उद्धृत होते; परंतु ते ज्या ग्रंथात आले आहे तो कोणी, कोणासाठी व कोणत्या प्रसंगी सिद्ध केला, याचा विचार त्या मानाने थोडाच झाला आहे.

ह्यूएनत्संगाची यात्रा तीन निरनिराळ्या रूपांत आपल्यापर्यंत पोहोचली आहे. पहिले रूप म्हणजे इ. स. ६४६ मध्ये पूर्ण झालेला, पश्चिमेकडील देशांचा बारा खंडांचा वृत्तान्त. तो ह्यूएनत्संगाचा शिष्य पिएन-ची याने शब्दबद्ध केला. दुसरे रूप म्हणजे ह्वेइ-ली या सहकाऱ्याने लिहिलेले व येन-त्सुंग याने इ. स. ६८८ मध्ये दहा खंडांत पूर्ण केलेले चरित्र. तिसरे म्हणजे इ. स. १५९२ मध्ये नानकिंग येथे छापलेली शंभर अध्यायांची कादंबरी. तिचे कर्तृत्व परंपरेने वू छंग-अन याच्याकडे दिले जाते, पण ते वादग्रस्त आहे. वृत्तान्ताचे नाव ‘सी-यू-ची’ आणि कादंबरीचे ‘सी-यौ-ची’. एका अक्षराच्या या फरकाने अनेकांची फसगत केली आहे. वस्तुतः दोन ग्रंथांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

हे अंतर यात्रेच्या आरंभापासूनच दिसते. चरित्राप्रमाणे ह्यूएनत्संगाचे प्रयाण बेकायदेशीर होते. त्या वेळी देशाबाहेर जाण्यास मनाई होती आणि त्याचा अर्ज मंजूर झाला नव्हता. तो चोरून निघाला. कोणी त्याचे वर्ष ६२७ मानतात, कोणी ६२९. सीमेवर त्याने वाटाड्या म्हणून बरोबर घेतलेल्या परदेशी माणसाची नियत रात्रीच फिरली आणि पुढे त्याने साथ सोडली. पहाऱ्याचे बुरूज ओलांडून तो एकटा वाळवंटात शिरला. तेथे पाण्याची पखाल हातून निसटून सांडली आणि चार रात्री व पाच दिवस त्याच्या घशाला थेंबभर पाणी लाभले नाही. स्वप्नात आलेल्या एका उंच, शस्त्रधारी देवतेने त्याला दटावून पुढे चालण्यास लावले, आणि शेवटी त्याच्या घोड्याने पाणी शोधून काढले, असे ह्वेइ-ली सांगतो. बादशाही वृत्तान्तात यांपैकी काहीच नाही.

याहून बोलके मौन काओ-छांगच्या राजाविषयी आहे. तुर्फानच्या परिसरातील या राज्याचा राजा च्यू वन-ताइ याने ह्यूएनत्संगाला आपल्याकडेच ठेवून घेण्याचा हट्ट धरला. ह्यूएनत्संगाने तीन दिवस अन्नपाणी वर्ज्य केले, तेव्हा राजा नमला. दोघांनी बंधुत्वाची शपथ घेतली, आणि परतताना तीन वर्षे येथे राहीन, असे वचन भिक्षूने दिले. राजाने त्याला सोने, तीस हजार रौप्य नाणी, पाचशे ठाण रेशीम, तीस घोडे व पंचवीस सेवक दिले. शिवाय वाटेवरच्या चोवीस राज्यांना पत्रे दिली. या पत्रांवाचून पुढील प्रवास घडला असता की नाही, याची शंकाच वाटते. परतताना समुद्रमार्ग मोकळा असूनही त्याने खुष्कीची वाट धरली, ती या वचनासाठीच. परंतु इ. स. ६४० मध्ये थांग सैन्य चालून येत असता च्यू वन-ताइ मरण पावला आणि त्याचे राज्य थांग साम्राज्यात विलीन झाले. ह्यूएनत्संग मग खोतानच्या दक्षिणेकडील वाटेने वळला आणि तेथूनच, परवानगीवाचून गेल्याबद्दल क्षमा मागणारे पत्र त्याने सम्राट ताइ-त्सुंग यास धाडले.

इ. स. ६४५ मध्ये सम्राटाने लोयांग येथे त्याची भेट घेतली. भिक्षूने ६५७ संस्कृत ग्रंथ आणले होते. सम्राटाला हवी होती ती पश्चिमेकडील राज्यांची माहिती. त्याच्या आज्ञेने वृत्तान्त तयार झाला. त्याचा आरंभ काओ-छांगच्या जुन्या भूमीतून बाहेर पडल्यावर लागणाऱ्या पहिल्या राज्यापासून होतो. काओ-छांग आता परदेश उरला नव्हता, म्हणून हे तर्कशुद्धच म्हणावे लागते. पण ज्याने यात्रिकास बंधू मानले, त्याचे राज्य ज्याने घेतले त्याच सम्राटापुढे हा ग्रंथ ठेवावयाचा होता, हेही विसरता येत नाही. कनौजचा हर्ष ह्यूएनत्संगाजवळ चीनच्या राजाच्या पराक्रमाची चौकशी करतो आणि उत्तरादाखल ताइ-त्सुंगाची स्तुती ऐकतो, असा प्रसंग मात्र वृत्तान्तात आवर्जून आला आहे.

कादंबरीने तर उलथापालथच केली आहे. तिच्यात स्वतः ताइ-त्सुंग भिक्षूला बंधू मानतो, सुवर्णाचे भिक्षापात्र व प्रवासाचा परवाना देऊन त्याला निरोप देतो. काओ-छांगच्या राजाचे सारे श्रेय अशा रीतीने चांगआनच्या सिंहासनाकडे गेले. स्वप्नातील वाळवंटाची देवता भिक्षूचा एक शिष्य बनली, असे काही अभ्यासक मानतात; आणि यात्रेचे खरे नेतृत्व सुन वू-खुंग या वानराकडे गेले. या वानराच्या मुळाशी आपला हनुमान आहे काय, यावर हू श आणि लू शुन यांच्यात मतभेद होता व तो आजही मिटलेला नाही. वानर सोळाव्या शतकात मात्र अवतरला नाही. सुंग काळातील एका कथेतच तो यात्रिकाचा सेवक म्हणून उपस्थित आहे. कादंबरीतील भिक्षू भित्रा व सहज फसणारा आहे. वाळवंटात एकटा चाललेला माणूस त्यात ओळखू येत नाही. आणि भारत? तेथील राजवाडे, अधिकारी, शिष्टाचार सारे चिनीच आहेत. बुद्धाचे शिष्य आनंद व काश्यप भेट मिळाली नाही म्हणून प्रथम कोरी पुस्तके हाती देतात, हा विनोद चिनी कचेऱ्यांवरचा आहे, भारतावरचा नव्हे. कालगणनेचीही तीच गत. यात्रिक ज्या राजसंवत्सराच्या सत्ताविसाव्या वर्षी परततात, तो प्रत्यक्षात तेवीस वर्षेच चालला होता.

या दोन्ही ग्रंथांच्या शेजारी ठेवून महाराष्ट्राचे प्रकरण वाचले, म्हणजे त्याचा स्वभाव स्पष्ट होतो. येथील लोक उपकार स्मरणारे, अपमानाचा सूड घेणारे, शरणागतास न मारणारे आहेत, एवढेच आपण उचलतो. पण त्याच ओघात पुढे येते, की पराभूत सेनापतीस देहदंड न देता स्त्रीवेष देतात. राज्याने पोसलेले काही शे वीर मद्य पिऊन युद्धात उतरतात व वाटेत त्यांनी कोणास ठार केले तरी कायदा त्यांना हात लावत नाही. हत्तींनाही मद्य पाजून पुढे घालतात. गुणवर्णन आणि लष्करी बातमी येथे एकाच ओळीत गुंफलेली आहे. गौरवपत्र म्हणून हा मजकूर वाचणे, त्याचा अर्धा भाग गाळल्यावाचून शक्य नाही. शिवाय हे ‘महाराष्ट्र’ म्हणजे आजचा महाराष्ट्र नव्हे. ते बदामीच्या चालुक्यांचे राज्य होते. आणि तीस ली घेराची व पश्चिमेस मोठी नदी असलेली जी राजधानी वर्णिली आहे, ती बदामीशी जुळत नाही म्हणून फ्लीटने नाशिक सुचविले. पूर्वेकडील डोंगरातील विहाराच्या दाराशी दोन दगडी हत्ती असल्याचे वर्णन अजिंठ्याशी जुळते. मात्र ते हत्ती कधी कधी गर्जतात, हे ‘लोक म्हणतात’ या शब्दांनी सांगितले आहे.

हर्षाने मोठे सैन्य जमवूनही हा राजा नमला नाही, हे विधान मात्र स्वतंत्र पुराव्यावर टिकते. शके ५५६, म्हणजे इ. स. ६३४-३५ च्या ऐहोळे येथील लेखात कवी रविकीर्तीने हर्षाच्या पराभवाचा उल्लेख केला आहे, आणि ९९,००० गावांच्या तीन महाराष्ट्रकांचाही. ह्यूएनत्संग या भागात इ. स. ६४१ च्या सुमारास होता. पुढच्याच वर्षाच्या सुमारास पल्लव नरसिंहवर्म्याने बदामी घेतली आणि पुलकेशीचा अंत झाला. चार वर्षांनी चांगआन येथे सम्राटाच्या हाती जो ग्रंथ पडला, त्यात पुलकेशी अजून सिंहासनावर आहे आणि अजिंक्य आहे.