अंतराचा भाव

येलदरी धरणावरची मासळी डब्यात भरून मोटारसायकलवर जिंतूरकडे नेणारी माणसे मी बऱ्याच वर्षांपासून पाहतो आहे. वाट जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटरची. त्यांच्यापैकी कुणी टाकी पूर्ण भरल्याचे माझ्या पाहण्यात नाही. कुणी लिटरनेही पेट्रोल मागत नाही. ‘पन्नासचं टाका’, ‘शंभरचं टाका’ ही पंपावरची भाषा. पेट्रोलच्या भाववाढीचा इतिहास लिहायचा तर तो या वाक्यापासून सुरू करावा असे मला वाटते, कारण रुपयांत पेट्रोल घेणाऱ्या माणसाचे बिल भाव वाढला तरी वाढत नाही. त्याचा रस्ता तेवढा कमी होतो. लिटरला पन्नास किलोमीटर जाणारी गाडी ९० रुपयांच्या भावात शंभर रुपयांत पंचावन्न किलोमीटर जाते, ११० रुपयांच्या भावात पंचेचाळीस. मधले दहा किलोमीटर त्या माणसाच्या दिवसातून वजा होतात.

आता प्रश्न असा की, देशातल्या सर्वांत महागड्या पेट्रोलच्या बातम्यांत परभणी जिल्ह्याचे नाव पुन्हापुन्हा का आले? सप्टेंबर २०१८मध्ये परभणीत साध्या पेट्रोलने लिटरमागे ९० रुपयांचा टप्पा गाठला. फेब्रुवारी २०२१च्या मध्यास इथले ‘पावर’ पेट्रोल शंभरापुढे गेले आणि मे महिन्याच्या पूर्वार्धात साधे पेट्रोलही. मुंबईत साध्या पेट्रोलने शंभरी ओलांडली ती २९ मे रोजी, म्हणजे परभणीनंतर. वास्तविक त्या वेळी मुंबई-ठाण्यात पेट्रोलवरचा व्हॅट २६ टक्के होता आणि आपल्याकडे २५. कर कमी आणि भाव जास्त, हे कोडे कराच्या तक्त्यात सुटत नाही. त्यासाठी नकाशा उघडावा लागतो.

मुंबईच्या माहुल भागातल्या शुद्धीकरण कारखान्यांचे तेल नळवाटे मनमाडजवळच्या पानेवाडीला येते. तिथून परभणीच्या पंपांपर्यंत सुमारे तीनशे किलोमीटर टँकर चालतो. जिंतूर परभणीपासून आणखी चाळीसेक किलोमीटर आत आहे आणि तिथे रेल्वे नाही. टँकरच्या भाड्याचा प्रत्येक पैसा लिटरच्या भावात मिसळतो, आणि व्हॅट टक्क्यांत असल्यामुळे त्या भाड्यावरही कर बसतो. राजस्थानातले श्रीगंगानगर याच कारणाने अशा याद्यांत अग्रभागी असते. तेही डेपोपासून असेच दूर.

मनमाडशी परभणीचे हे नाते पेट्रोलपेक्षा जुने आहे. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेने मनमाड आणि हैदराबाद जोडले गेले, तेव्हापासून मुंबईचा माल आपल्याकडे त्याच दाराने येऊ लागला. निजामाच्या हद्दीत शिरणाऱ्या मालावर करोडगिरी होती. १९३२मध्ये निजामाच्या रेल्वेने २७ बसगाड्यांनिशी रस्ता वाहतूक सुरू केली. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे रेशनिंग आले आणि देशभर अनेक मोटारी मागे भट्टी बांधून लाकडी कोळशाच्या वायूवर धावू लागल्या. १९४८मध्ये भारत सरकारने हैदराबाद संस्थानाची आर्थिक कोंडी केली, तेव्हा अडवलेल्या वस्तूंत पेट्रोलही होते. येलदरीच्या उत्तरेला थोड्याच अंतरावर वऱ्हाडची हद्द लागते. थोडक्यात, पेट्रोल दुरून येते आणि ते वाटेत कुणीतरी अडवू शकते, हे या भागाला मोटारींच्या पहिल्या पिढीतच कळले होते.

स्वातंत्र्यानंतर हे अंतर सुसह्य करण्याचा प्रयत्न झाला, हे आज फारसे कुणाला आठवत नाही. तेलाच्या किमतींच्या चौकशीसाठी नेमलेल्या दामले समितीने १९६१मध्ये अहवाल दिला. पुढे तालुकदार, शांतिलाल शाह, कृष्णस्वामी यांच्या समित्या आल्या आणि सत्तरच्या दशकात प्रशासित किंमतपद्धती स्थिरावली. कारखान्याच्या दारातला भाव देशभर सारखा ठेवायचा आणि वाहतुकीच्या खर्चातली काही तफावत सामायिक खात्यातून भरून काढायची, असे तिचे सूत्र होते. या पद्धतीत भाववाढ टळत नसे. नोव्हेंबर १९७३मध्ये पेट्रोल महागले तेव्हा अटलबिहारी वाजपेयी निषेध म्हणून बैलगाडीतून संसदेत गेले. येलदरीचे धरण पुरे होऊन तेव्हा फार वर्षे झाली नव्हती, आणि इथल्या माणसाला बैलगाडी हा निषेध वाटण्यासारखी वस्तू नव्हती. ती रोजची होती. पण दूर राहण्याची किंमत सगळी एकट्याने भरायची नाही, हे तत्त्व त्या पद्धतीत होते.

१ एप्रिल २००२ रोजी ती पद्धती संपली. जून २०१०मध्ये पेट्रोल आणि ऑक्टोबर २०१४मध्ये डिझेल सरकारी नियंत्रणातून सुटले. १६ जून २०१७पासून भाव रोज बदलू लागला. या पायऱ्यांची आर्थिक कारणे होती आणि त्यांतली काही पटण्यासारखीही होती. पण अंतराचे ओझे कोणी वाहायचे, हा प्रश्न त्यांत मागे पडला.

मग चालकाच्या हाती काय उरते? एक म्हणजे त्याची गाडी आणि तिच्या सवयी. उतारावर गाडी न्यूट्रल करणे, डबलसीट माणूस मिळेपर्यंत फाट्यावर थांबणे, प्लग साफ ठेवणे, अॅव्हरेजसाठी कार्बोरेटर आवळून घेणे. दुसरे म्हणजे कोणते पेट्रोल घ्यायचे ही निवड, आणि तिथे फसगत अधिक आहे.

पूर्वी आपल्याकडे ८७ आणि ९३ ऑक्टेन अशा दोन प्रती होत्या. पेट्रोलमधले शिसे १ फेब्रुवारी २०००पासून देशभर बंद झाले आणि साधे पेट्रोल पुढे ९१ ऑक्टेनवर आले. २००२च्या सुमारास ‘स्पीड’, ‘पावर’ ही नावे पंपांवर दिसू लागली. डिसेंबर २०२०मध्ये शंभर ऑक्टेनचे पेट्रोलही आले. दिल्लीत त्याचा भाव लिटरला १६० रुपये होता. ऑक्टेनचा आकडा म्हणजे ताकद नव्हे. इंजिनात दाबले गेलेले पेट्रोल ठिणगी पडण्याआधी किंवा तिच्यामागोमाग अवेळी भडकू नये, इंजिन ठोकू नये, ही सहनशक्ती तो आकडा सांगतो. ज्या इंजिनात दाब फार असतो त्याला ती लागते. शंभर सीसीच्या मोटारसायकलला ९१ पुरते. तिला वरची प्रत पाजून रस्ता वाढत नाही. एका मासळीवाल्याने मला हेच त्याच्या शब्दांत सांगितले: ‘‘काका, पावर टाकलं की गाडी पळती म्हणतेत. गाडीचं माहीत नाही, पैसे मात्र पळतेत.’’

महाग आणि चांगले यांची गल्लत होते तशी स्वस्त आणि परवडणारे यांचीही होते. रेशनच्या रॉकेलला निळा रंग देण्यात आला, तो ते इंधनात मिसळले जाऊ नये म्हणून. तरीही भेसळ होत राहिली, कारण दोन्हींच्या भावांत मोठी दरी होती. त्या दरीत काय दडले आहे, हे २५ जानेवारी २०११ रोजी साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. मनमाडजवळ पानेवाडी परिसरात तेलाची भेसळ उघडी पाडणारे मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. आपल्या टाकीत पडणारे तेल ज्या वाटेने येते, त्याच वाटेवरची ही घटना आहे. परभणीचा भाव लिहिताना ती वगळणे मला प्रामाणिक वाटत नाही.

आता तिसरी निवड समोर आली आहे, आणि ती चालकाने केलेली नाही. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठल्याचे सरकारने २०२५मध्ये जाहीर केले. कल्पना नवी नाही. पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळण्यासाठी १९४८मध्येच ‘पॉवर अल्कोहोल’ कायदा झाला होता, तो २०००मध्ये रद्द झाला. इथेनॉलने ऑक्टेन वाढते, परदेशी तेलाची गरज कमी होते, उसाला गिऱ्हाईक मिळते. पण त्यात पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश एवढीच ऊर्जा असते, म्हणून लिटरमागे किलोमीटर काहीसे घटतात. पूर्णेच्या पाण्यावर ऊस काढणारा शेतकरी आणि त्याच पाण्यातली मासळी नेणारा मोटारसायकलवाला यांचे हिशेब इथे एकमेकांसमोर उभे राहतात. कधीकधी तो शेतकरी आणि तो मोटारसायकलवाला एकाच घरातले असतात.

दिवाळीचा अंक आहे, म्हणून शेवट दिवाळीच्याच दोन नोंदींनी करतो. २०२१च्या दिवाळीत केंद्राने पेट्रोलवरचे उत्पादनशुल्क लिटरमागे पाच रुपयांनी उतरवले. तो दिलासा सगळ्यांना सारखा होता, त्यामुळे आपले अंतर तसेच राहिले. दुसरी नोंद २०२४च्या धनत्रयोदशीची. त्या दिवशी तेल कंपन्यांनी डेपोपासून दूरच्या गावांसाठी राज्यांतर्गत वाहतूकखर्चाची फेरमांडणी जाहीर केली आणि ओडिशा, छत्तीसगडच्या दुर्गम भागांत भाव उतरले. म्हणजे अंतराचे ओझे वाटून घेता येते, हे २००२नंतर बावीस वर्षांनी पुन्हा मान्य झाले. निवडणुकीची आचारसंहिता असलेल्या भागांना मात्र तो निर्णय तेव्हा लागू नव्हता. महाराष्ट्रात २० नोव्हेंबरला मतदान होते.

त्या धनत्रयोदशीलाही येलदरीहून निघालेला माणूस जिंतूरच्या पंपावर ‘शंभरचं टाका’ असेच म्हणाला असेल. मीटरवरचा रुपयांचा आकडा शंभरावर थांबतो. लिटरचा आकडा कुठे थांबतो, ते मनमाडपासूनचे अंतर ठरवते.