दहा नखं आणि एक सोफा

सोफा घरमालकांचा, डिपॉझिट माझं आणि नखं चिंगीची. गेले तीन आठवडे आमच्या फ्लॅटमध्ये हा त्रिकोण चालू आहे. चिंगी म्हणजे पार्किंगमध्ये सापडलेलं मांजरीचं पिल्लू, वय अंदाजे तीन महिने. दिवसभर झोपते आणि माझा कॉल सुरू झाला की सोफ्याचा डावा हात उसवायला घेते.

आईला फोन केला तर ती म्हणाली, "अरे, मांजर आहे ते, बोचकारणारच. एक गोणपाट टाक तिच्यापुढे." टेक्सासमधल्या मित्राला पिंग केलं तर तो म्हणाला, "माझ्या शेजाऱ्यांनी त्यांच्या मांजराची नखंच काढून टाकली होती. वन टाइम फिक्स!" मला वाटलं, कापली असतील. नाही हो, काढून टाकली. मग काय, अख्खा शनिवार वाचनात गेला.

आधी तांत्रिक मुद्दा. मांजराचं नख बोटाच्या शेवटच्या हाडावर उगवतं. ते पुन्हा येऊ नये म्हणून हे हाडच सांध्यातून काढावं लागतं. म्हणजे आपल्या बोटाचं शेवटचं पेर उडवण्यासारखं. पुढच्या दोन पायांची मिळून दहा बोटं. या ऑपरेशनला तिकडे 'डीक्लॉइंग' म्हणतात. नाव कसं साधं, पेडिक्युअर वाटावं असं!

मला वाटलं होतं, ही काहीतरी जुनीपुराणी क्रूर प्रथा असणार. तर तसं नाही. माणूस आणि मांजर यांची सोबत फार जुनी. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेलं एक मांजर सापडलं आहे, ते सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचं. पण या सगळ्या काळात मांजर अर्धं घरात, अर्धं बाहेर. नखं घासायला झाडं होती. शिवाय उंदीर पकडायची तिची नोकरी नखांच्याच जोरावर चालायची.

मग आलं १९४७ साल. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एडवर्ड लोव नावाच्या माणसाने मांजराच्या विधीसाठी राखेऐवजी 'फुलर्स अर्थ' देऊन पाहिली. (फुलर्स अर्थ म्हणजे आपली मुलतानी माती बरं का! ताई चेहऱ्याला लावते तीच.) वास शोषला जातो म्हटल्यावर त्याने पाच-पाच पौंडांच्या पिशव्या भरल्या आणि ६५ सेंटला विकायला काढल्या. वाळू इतकी स्वस्त मिळत असताना हे कोण घेणार, असं दुकानदार म्हणाला. लोकांनी घेतलं. मांजराला बाहेर सोडायचं एक मोठं कारण संपलं आणि मांजर हळूहळू चोवीस तास घरात राहायला लागलं. घरात झाड नव्हतं, सोफा होता.

१९५२ मध्ये, म्हणजे अवघ्या पाच वर्षांत, शिकागोच्या एका डॉक्टरांचं पत्र अमेरिकन पशुवैद्यकांच्या जर्नलमध्ये छापून आलं. त्यात या ऑपरेशनची पद्धत होती. एका गोष्टीमुळेच दुसरी घडली असं मी म्हणणार नाही, पण तारखा जवळजवळ ठेवल्या की चित्र दिसतं. पुढची काही दशकं तिकडे हे अगदी रूटीन होऊन गेलं.

आता यातली खरी गंमत (गंमत कसली, डोंबल!). २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात २७४ मांजरं तपासली, निम्मी नखं काढलेली, निम्मी नखवाली. नखं काढलेल्यांमध्ये पाठदुखी जास्त, चावणं जास्त, आणि ट्रे सोडून भलतीकडे घाण करणंही जास्त. कापलेल्या बोटांनी माती उकरताना दुखत असेल तर ते बिचारं ट्रेमध्ये जाईल कशाला? म्हणजे ज्या मातीमुळे मांजर घरात आलं, तीच त्याला नकोशी. सोफा वाचला, गालिचा गेला.

युरोप लवकर शहाणा झाला. १९८७ च्या पाळीव प्राण्यांविषयीच्या युरोपीय करारातच यावर बंदी आहे. अमेरिकेत मात्र २००३ मध्ये पहिली बंदी आली ती वेस्ट हॉलीवूड या जेमतेम पाच चौरस किलोमीटरच्या शहरात. कॅलिफोर्नियाच्या पशुवैद्यकांची संघटना कोर्टात गेली. शहर आधी हरलं, २००७ मध्ये अपिलात जिंकलं. मग राज्याने २००९ मध्ये कायदाच केला: १ जानेवारी २०१० पासून कुठल्याही शहराने अशी बंदी घालायची नाही. झालं! लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को, बर्कली वगैरे शहरांनी त्या शेवटच्या दोन महिन्यांत पटापट बंदी मंजूर करून टाकली. कोड फ्रीझच्या आदल्या रात्री सगळ्यांची चेक-इनसाठी जी धावपळ होते ना, अगदी तशी. पूर्ण राज्यभर बंदी घालणारं पहिलं राज्य न्यूयॉर्क, तेही थेट २०१९ मध्ये.

आणि एवढं सगळं कशासाठी? मांजर बोचकारतं ते खोडसाळपणाने नाहीच. नखाचं जुनं वरचं टरफल निघावं, अंग ताणलं जावं आणि पंजातल्या ग्रंथींचा वास लागून 'ही जागा माझी' अशी पाटी लागावी, म्हणून. ती पाटी सोफ्यावर लागायची की दुसरीकडे, एवढाच आपला प्रश्न. तेव्हा ओरडून, फटके देऊन उपयोग नाही. ती फक्त आपल्याला घाबरायला शिकते.

रविवारी बोहरी आळीत जाऊन जाड सुतळीचं बंडल आणलं. सुताराकडून तीन फुटी लाकडी खांब घेतला, कारण मांजराला पूर्ण ताणता यायला हवं. खाली रुंद फळी ठोकली. खांब एकदा डुगडुगला तर ती परत ढुंकून बघत नाही. सुतळी घट्ट गुंडाळली आणि खांब थेट सोफ्याच्या डाव्या हाताला चिकटून उभा केला. हातावर दुहेरी चिकटपट्टी लावली, पंजाला ती चिकट आवडत नाही. खांबाला नख लावलं की लगेच सुक्या मासळीचा एक तुकडा. दर दोन आठवड्यांनी नखाचं फक्त पांढरं टोक कापायचं. आतल्या गुलाबी भागाला कात्री लागता कामा नये, तिथे रक्तवाहिनी असते.

आज पाचवा दिवस. सकाळपासून खांबाला सात वेळा, सोफ्याला दोन वेळा. आईला फोटो पाठवला तर तिचा रिप्लाय: "सुतळी कशाला विकत आणलीस? गोणपाट फुकट मिळालं असतं."

घरमालक एक तारखेला येणार आहेत. डाव्या हातावर सध्या आजीची गोधडी टाकली आहे.